टायरातली हवा आणि रिह्याचा रस्ता

नवी मोटार दारात उभी राहिली की वर्षभरात तिची चाके बदलावीशी वाटतात, आणि चाके बदलली की गाडी चार बोटे खाली बसवावीशी वाटते. ही हौस अलीकडच्या तरुण मंडळींत फार बोकाळली आहे. वडीलधारी माणसे तिच्याकडे ‘पोराचे थेर’ म्हणून बघतात आणि पोरे वडीलधाऱ्यांकडे ‘यांना काय कळतंय’ म्हणून बघतात. त्यामुळे मध्यमवर्गीय घरात घर आणि लग्न यांच्या खालोखाल खर्चाची जी वस्तू, तिच्याविषयीचा एक महत्त्वाचा निर्णय शेवटी चाके विकणाऱ्या दुकानदाराच्या हाती जातो. माझे म्हणणे असे की हौस करावी, पण तिचे गणित घरी बसून करावे. ते चौथीच्या मुलालाही जमेल इतके सोपे आहे.

माझ्या भाचेबुवांचेच उदाहरण घेतो. मुक्काम रिहे, तालुका मुळशी, नोकरी हिंजवडीला. गाडी फोक्सवॅगन पोलो, तीही जीटी म्हणजे तडफदार इंजिनाची. हा कारखाना आमच्या जिल्ह्यातच, चाकणला, २००९ साली सुरू झाला. पोलो तिथे २०२२ पर्यंत तयार होत होती आणि बंद झाली तरी तिचे भक्त कमी झालेले नाहीत. अंगाने लहान, पायाने चपळ, त्यामुळे खाली बसवून रुंद चाकांवर उभी केलेली पोलो पुण्याच्या रस्त्यांवर हमखास दिसते. भाचेबुवांनाही तशीच हवी होती. पस्तीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा आणि सतरा इंची मॅगव्हील असा बेत ठरला होता. दुकानदाराने “घासणार नाही, माझी गॅरंटी” असे सांगून टाकले होते. माझी उभी हयात मोटारींच्या धंद्यात गेली असल्यामुळे फक्त आशीर्वादापुरते मला बोलावले होते.

पण ही गाडी शोभेची नव्हती. घरात आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, गुडघ्यांनी बेजार. दर पंधरा दिवसांनी तिला पुण्याला दवाखान्यात न्यायचे, आणि रात्री-अपरात्री काही उद्भवले तरी हीच गाडी काढायची. सुगीनंतर नव्या तांदळाची पोतीही हिच्याच पाठीवर.

आणि रस्ता? पुण्याहून रिह्याला यायचे तर चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट करीत घोटवडे फाट्याला उजवीकडे वळायचे, आणि घोटवडे मागे टाकून रिह्याच्या खोऱ्यात शिरायचे. हिंजवडीकडून आलात तर माणवरून घोटवड्याला यायचे. दोन्ही बाजूंना भातखाचरे, पुढे डोंगर, आणि पावसाळ्यात असा पाऊस की डांबर कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते अंदाजानेच ओळखावे. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या पाण्याखालच्या खड्ड्यांविषयी वेगळे सांगायला नको.

आम्ही पडवीत कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

टायरच्या कुशीवर आकडे असतात. भाचेबुवांच्या टायरवर होते १८५/६० आर १५. यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे कुशीची उंची, रुंदीच्या शेकडा साठ. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तीन संसार नांदतात. हा घोळ कोणी घातला कोण जाणे, पण जगभर तोच चालतो. आता हिशेब. १८५ चे साठ टक्के म्हणजे १११ मिलिमीटर, ही एका बाजूची कूस. वर एक, खाली एक, मिळून २२२. पंधरा इंचांचे मिलिमीटर ३८१. बेरीज ६०३. हा झाला संपूर्ण चाकाचा व्यास.

ज्यांनी घरात कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट पाहिली आहे त्यांना ‘पाच वीस चौदा’ हे माप आठवत असेल, आणि ॲम्बॅसडरवाल्यांना ‘पाच नव्वद पंधरा’. त्या काळी कुशीची उंची वेगळी लिहीतच नसत, कारण ती जवळजवळ रुंदीइतकीच असे. टायर उभट आणि गुबगुबीत असत. बुटक्या कुशीचे टायर आपल्याकडे रूढ झाले ते पुढे रेडियल आल्यावर.

दुकानदाराने सुचवलेले माप होते २१५/४० आर १७. कूस ८६, दोन मिळून १७२, त्यात सतरा इंचांचे ४३१.८. बेरीज ६०३.८. म्हणजे मूळच्या चाकाहून एक मिलिमीटरचाही फरक नाही! दुकानदाराचे गणित चुकलेले नव्हते, हे मी भाचेबुवांना आधी सांगून टाकले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“मग मामा, अडचण कुठे आहे?”

“अरे, बेरीज बरोबर आहे. वजाबाकी कर.”

बाहेरचा व्यास तोच राहिला आणि आतले रिम दोन इंचांनी वाढले, तर ते दोन इंच आले कुठून? रबरातून आणि रबराच्या आतल्या हवेतून. कूस १११ ची ८६ झाली, प्रत्येक बाजूने २५ मिलिमीटर गेली. आणि गाडीचे ओझे रबर उचलत नाही, हवा उचलते. पंक्चर झाल्यावर तेच रबर जागेवर असते, पण गाडी रिमवर बसते. रबराचे काम हवा कोंडून ठेवण्याचे आणि रस्ता धरण्याचे.

आक्काच्या गोठ्याच्या भिंतीला एका जुन्या बैलगाडीचे चाक टेकून ठेवलेले आहे. लाकडी आरे, मध्ये तुंबा, बाहेरून लोखंडी धाव. धाव बसवणे म्हणजेही मापाचाच खेळ होता. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करी, गोवऱ्यांच्या आगीत तापवून फुगवी, तापलेलीच चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. लोखंड आवळले की सारे चाक करकचून बांधले जाई. ते चाक माझ्या छातीपर्यंत येते. इतके मोठे कशाला? तर त्याच्यात हवा नव्हती म्हणून. लहान चाक खड्ड्यात पडते, मोठे चाक त्याच्यावरून जाते. धक्का सोसायला काही मऊ नसेल तर चाक मोठे करणे हाच उपाय. १८४५ साली थॉमसनने हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाही. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती पुन्हा शोधली आणि जग हवेवर चालू लागले. हवा आली म्हणून चाक लहान करता आले. आता हवा काढून घ्यायची आणि चाक मात्र तेवढेच ठेवायचे, म्हणजे धावेचा कडकपणा पदरात आणि धावेचा मोठेपणा मात्र नाही.

खड्ड्याच्या काठावर चाक आदळले की बुटकी कूस रिम आणि काठ यांच्यामध्ये चिमटली जाते. आतले दोरे तुटतात आणि आठ दिवसांनी कुशीवर लिंबाएवढा फुगा येतो. गॅरेजवाले त्याला ‘बबल’ म्हणतात. तो टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. रिमचेही तसेच. पोलादी रिम वाकते, ते ठोकून सरळ करतात. मिश्रधातूचे मॅगव्हील तडकते. तडकलेले झाळून देणारे कारागीर पुण्यात आहेत, पण मी तरी तसले चाक माझ्या माणसांखाली घालणार नाही.

“पण मामा, नव्या टायरवर ८७ लिहिलंय. जुन्यावर ८४ आहे. म्हणजे नवा जास्तच वजन घेणार ना?”

भाच्याने हा प्रश्न विचारला तेव्हा मला बरे वाटले, कारण इतके वाचणारे गिऱ्हाईक विरळा. मापाच्या पुढे असतो तो हा भाराचा आकडा. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५. त्याच्यापुढचे अक्षर वेगाचे. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. पण २१५/४० च्या टायरवर आणखी दोन अक्षरे असतात, ‘एक्स एल’. म्हणजे हा जादा मजबुतीचा टायर, आणि त्याची ५४५ किलोची ताकद जादा हवेवर मोजलेली आहे. साध्या टायरचा आकडा साधारण ३६ पौंड हवेला धरतात, एक्स एलचा ४२ पौंडांना. त्याच्यात ३६ च भरली तर तो पाचशे किलोही पुरे घेत नाही, ४८५ च्या घरातच राहतो. म्हणजे ८७ चा टायर जुन्याच दाबावर चालवला तर तो ८४ पेक्षा दुबळा. आकडा मोठा पाहून निर्धास्त व्हायचे आणि पेट्रोल पंपावर सवयीने “तीस-बत्तीस टाक” म्हणायचे, असे सर्रास चालते. आणि दाब वाढवला तर खड्ड्याचा प्रत्येक हिसका सरळ आक्काच्या गुडघ्यात. यातून सुटका नाही, कारण हवा कमी झाली की ती दाबून भरावीच लागते.

आता गाडी खाली बसवण्याविषयी. ही हौस निव्वळ वेडगळ आहे असे मी म्हणणार नाही. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यावर तिची पकड सुखावते, हे खरे आहे. शर्यतीच्या गाड्या उगाच खाली नसतात. पण शर्यतीच्या मैदानावर गतिरोधक नसतात!

पोलोचा तळ जमिनीपासून सुमारे १६५ मिलिमीटर. पस्तीस वजा केले की १३०. चार माणसे आणि सामान बसले की तो आणखी काही सेंटिमीटर खाली जातो. आता भारतीय रस्ते काँग्रेसच्या प्रमाणात गतिरोधक कसा असावा हे लिहून ठेवले आहे. उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, माथा अलगद गोलाई घेतलेला. अशा उंचवट्यावरून गाडी हळू काढली तर कुणाला इजा नाही. परंतु गावोगावी जे गतिरोधक रातोरात उगवतात ते हे प्रमाण वाचून उगवत नाहीत. त्यांची रुंदी पाट्याएवढी आणि उंची वरवंट्याएवढी असते. मध्येच तळ टेकला की इंजिनाखालचे तेलाचे भांडे आधी मार खाते.

चाकाच्या मापाशी याचा संबंध असा. आखूड स्प्रिंग घातली की चाक मडगार्डच्या पोकळीत वर सरकते. धक्क्याच्या शेवटी रबराचा जो ठोकळा असतो तो तसाच ठेवला, तर चाक अगदी नव्या जागी पोचते असे नाही. पूर्वी जिथे क्वचित पोचे तिथे आता रोज पोचते. म्हणून साध्या गाडीला जे माप चालून जाते ते खाली बसवलेल्या गाडीला घासते, आणि घासते तेही दुकानाच्या फरशीवर नव्हे. गाडी भरलेली आहे, स्टिअरिंग पुरते वळवलेले आहे आणि एक चाक खड्ड्यात गेले आहे, अशा अवघड क्षणी घासते. शिवाय गाडी बसली की चाकांचा माथा आत झुकतो आणि टायर आतल्या कडेने झिजतात. ती कड उभ्या माणसाला दिसत नाही. बाहेरून नक्षी कोरी करकरीत आणि आतून तारा बाहेर आलेल्या, असे टायर मी कितीतरी पाहिले आहेत. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असलीच पाहिजे असा कायदा आहे. ती मोजायची ती आतल्या कडेला वाकून.

दुकानदाराच्या ‘घासणार नाही’ची परीक्षा आम्ही घरच्या घरीच घेतली. गणपतीची उरलेली शाडूची माती घरात होती. तिचे बोटभर जाडीहून मोठे गोळे करून मडगार्डच्या आत, चाकाच्या माथ्यावर आणि बाहेरच्या काठाशी ठिकठिकाणी चिकटवले. मग गाडीत आम्ही चौघे बसलो, डिकीत तांदळाचे पोते टाकले आणि रिह्याहून घोटवड्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत एकही खड्डा चुकवायचा नाही असा हुकूम होता, आणि तो पाळायला भाचेबुवांना फारसे कष्ट पडले नाहीत. परत आल्यावर चेपलेले गोळे मोजले. मागच्या चाकाच्या बाहेरच्या काठाशी जेमतेम पंधरा मिलिमीटर माती उरली होती. म्हणजे मूळच्या टायरला, मूळच्या स्प्रिंगांवर, पंधरा मिलिमीटर मोकळी जागा.

आता नवा टायर १८५ ऐवजी २१५, म्हणजे तीस मिलिमीटरांनी रुंद. त्यातले पंधरा आत, पंधरा बाहेर. एवढ्यावरच जागा संपली. त्यात दुकानदाराच्या रिमचा ऑफसेट मूळच्यापेक्षा पाच मिलिमीटर कमी. ऑफसेट म्हणजे रिमचा मध्य आणि ज्या पत्र्याने ते हबला टेकते तो पत्रा, यांतले अंतर. रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे तो आकडा कोरलेला असतो. हा आकडा कमी झाला की चाक तेवढे बाहेर येते. पंधरा आणि पाच वीस. जागा पंधरा. गाडी खाली बसवण्याच्या आधीच हिशेब पाचाने बुडाला होता.

“दुकानात म्हणाले होते, काठ थोडा ठोकून वळवून देऊ,” भाचेबुवा हळूच म्हणाले.

आक्का तांदूळ निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “नव्या गाडीला हातोडा लावायचा आणि वर पैसे द्यायचे!”

रिम पसंत करताना आणखी दोन बारकावे पाहावेत. बोल्टांची संख्या आणि वर्तुळ जुळले म्हणजे काम झाले असे नाही. पोलोला पाच बोल्ट, शंभर मिलिमीटरच्या वर्तुळात. पण मधले भोक ५७.१ मिलिमीटर असते, आणि बाजारची रिमे बऱ्याच गाड्यांना चालावीत म्हणून ते मोठे ठेवतात. त्या फटीत बसणारी कडी मागून घ्यावी, नाहीतर चाक हबवर नेमके मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते. दुसरे म्हणजे बोल्टाचे बूड. या कंपनीच्या मूळ रिमांना गोलसर बुडाचे बोल्ट लागतात, बाजारच्या बहुतेक रिमांना निमुळते. एकाचा बोल्ट दुसऱ्यात पिळला जातो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण टेकतो फक्त एका रेघेवर. चाक निखळण्याच्या कथा इथून सुरू होतात. रिमवर भारतीय मानकाचे चिन्ह आणि ते किती भार पेलते याचा आकडा नसेल तर कितीही चकाकत असले तरी ते दुकानातच राहू द्यावे. टायरच्या कुशीवर शेवटी चार आकडे असतात तेही वाचावेत. ३५२३ म्हणजे २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला माल. सवलतीत मिळणारा टायर कधीकधी गोदामात म्हातारा झालेला असतो.

कायद्याची बाजू मी थोडक्यात सांगितली, कारण भाचेबुवांच्या कपाळावर आधीच आठ्या होत्या. पुण्यातच वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. नवी गाडी बाजारात येण्याआधी अशा संस्थांतून तिच्या चाचण्या होतात, आणि त्या तिच्या ठरलेल्या चाकांसह, ब्रेकांसह होतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितले. रस्त्यात पोलिसाने अडवले तर एकवेळ दंडावर भागेल. खरी भीती अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस चाकापाशी उकिडवा बसून आकडे टिपून घेतो तेव्हाची. म्हणून निर्मात्याने स्वतः मान्य केलेल्या मापांत राहावे, आणि त्यापलीकडे काही करायचेच असेल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारावे.

सुदैवाने पोलोच्या बाबतीत निर्मात्याने स्वतःच वाट काढून ठेवली आहे. पुढच्या वर्षांतल्या जीटीला कंपनीने सोळा इंची चाके दिली, टायर १९५/५५ आर १६. आम्ही पुन्हा पेन्सिल घेतली. कूस १०७, दोन मिळून २१४.५, त्यात ४०६.४, बेरीज ६२१. मूळच्या ६०३ पेक्षा अठरा जास्त, म्हणजे तीन टक्के. कूस फक्त चार मिलिमीटरांनी घटली. हवा जवळजवळ तशीच. भाराचा आकडा ८७, आणि तोही साध्या दाबाचा. चाक नऊ मिलिमीटर उंच झाल्यामुळे गाडीचा तळही तेवढाच वर येतो. रुंदी दोन्ही बाजूंना पाच-पाचच वाढते, म्हणजे मातीच्या हिशेबाने दहा मिलिमीटर शिल्लक. वेगाचा काटा मात्र थोडा मागे पडतो. काटा ८० दाखवील तेव्हा गाडी पूर्वीच्या मानाने तीन टक्के पुढे असेल. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातात, तेव्हा महिन्याअखेर ‘ॲव्हरेज पडले’ म्हणून कोणी हळहळू नये.

ज्यांना गाडी खाली बसवायचीच आहे त्यांच्यासाठी मात्र हे माप नव्हे. उंच चाक आणि बसकी गाडी यांचे जमत नाही, कारण नऊ मिलिमीटर वरून आणि पंचवीस-तीस खालून असे दोघे मिळून पोकळी खातात. अशांनी व्यास मूळचाच किंवा केसभर कमी ठेवावा. या गाडीला १९५/५० आर १६ घेतले तर ६०१ येतात, कूस ९७ च्या पुढे राहते आणि भाराचा आकडा ८४ चा ८४. स्प्रिंगा वीस-पंचवीसच्या पुढे जाऊ देऊ नयेत. कोथरूडहून बाणेरला कामावर जाणाऱ्याने, गाडीत एकटा बसणाऱ्याने आणि विमा कंपनीची लेखी संमती घेतलेल्याने हे करावे. मी त्याला नाही म्हणणार नाही. कूस नव्वद मिलिमीटरच्या खाली गेली की मात्र रस्ता तुमच्या मर्जीचा असावा लागतो, आणि आमच्या मुळशीत रस्ता पावसाच्या मर्जीचा असतो.

भाचेबुवा बराच वेळ कागदाकडे बघत बसले. सतरा इंची चाकांचा फोटो त्यांच्या खिशात होता, तो त्यांनी एकदा काढला आणि परत ठेवला. स्प्रिंगांचा प्रश्न आक्काने निकालात काढला. तिने गाडीत बसून पाहिले, उतरताना दाराला धरून दोनदा जोर केला आणि म्हणाली, “याच्याहून खाली बसले तर मी बसेन रे, पण मला उठवणार कोण?” तेव्हा स्प्रिंगा मूळच्याच राहिल्या.

सोळा इंची चाके आणायला आम्ही नाना पेठेत हिंडलो. तीन दुकानांत मधल्या भोकाचे माप विचारल्यावर माणूस आत जाऊन मालकाला घेऊन आला. चौथ्याने स्वतःच विचारले, “कड्या हव्यात ना? आणि बोल्ट कुठले?” तिथे घेतली. बसवल्या दिवशी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग झाले. पन्नासएक किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा तपासायला सांगितले होते, तेही भाचेबुवांनी पान्याने केले, एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे.

एक गोष्ट उरली होती, ती स्टेपनीची. डिकीतली स्टेपनी अजून जुन्याच मापाची, ६०३ ची, आणि खालची चाके ६२१ ची. पोलोची ताकद पुढच्या चाकांवर येते. एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठे चाक पुढे लावून चालवले तर आतल्या डिफरन्शियलला सारा वेळ राबावे लागते. म्हणून पुढचे चाक पंक्चर झाले तर आधी मागचे एक चांगले चाक काढून पुढे लावायचे आणि स्टेपनी मागे घालायची, आणि तीही पंक्चरच्या दुकानापर्यंतच. जुने पंधराचे गोल बुडाचे बोल्टही स्टेपनीबरोबर ठेवायचे, कारण नवे निमुळते बोल्ट तिला चालणार नाहीत. भाचेबुवांनी ते पाच बोल्ट एका कापडी पिशवीत बांधून, वर चिठ्ठी लावून, जॅकशेजारी ठेवले. चिठ्ठीवर ‘फक्त स्टेपनीसाठी’ असे आक्काच्या अक्षरात लिहिले आहे, कारण घरात तिचेच अक्षर वाचता येण्याजोगे आहे.